आधी रेघ, मग कमान, शेवटी कोरीवकाम: फोर्टातली विद्यापीठाची इमारत मोजायची कशी

थंडी पडली की ओव्हल मैदानाच्या कडेला आर्किटेक्चरची मुलं बोर्ड घेऊन बसतात. समोर मुंबई विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह, शेजारी ग्रंथालय आणि त्यातून वर गेलेला राजाबाई टॉवर. पेन्सिल बहुतेकांची आधी टेकते ती एखाद्या खांबाच्या माथ्यावरच्या पानाफुलांवर. दोन तासांनी पानं सुरेख झालेली असतात, पण कमान कागदाबाहेर गेलेली असते आणि शेजारच्या कमानीशी तिचं जमत नाही. मग घरी जाऊन 'ॲडजस्ट' करणं सुरू होतं. एका मापात केलेलं हे ॲडजस्ट पुढच्या दहा मापांना बिघडवतं.

हा लेख मेजर्ड ड्रॉइंग, म्हणजे इमारत प्रत्यक्ष मोजून प्रमाणात काढलेलं ड्रॉइंग, करणाऱ्यांसाठी आहे. छंद म्हणून स्केच करणाऱ्यांनाही टप्पा २ आणि ५ कामाला येतील. इमारतीचा इतिहास आणि तिची थोरवी यांवर भरपूर लिहिलं गेलंय, ते इथे नको. इथे फक्त क्रम सांगतो, कारण माणसं चुकतात ती क्रमातच. उदाहरणं फोर्ट आवारातली आहेत. पुण्यात किंवा आणखी कुठे दगडी गॉथिक (टोकदार कमानींच्या शैलीतली) इमारत मोजायची असेल तरी क्रम हाच.

टप्पा १: निघण्याआधीची तयारी

परवानगी लेखी हवी. ही चालू वापरातली इमारत आहे. ग्रंथालयात माणसं वाचत बसलेली असतात, सभागृहात कार्यक्रम असतात, आणि उत्तरेला लागूनच उच्च न्यायालय असल्यामुळे या पट्ट्यात बंदोबस्त कायम असतो. विद्यापीठ प्रशासनाला द्यायच्या पत्रात तारखा, वेळा, प्रत्येकाचं नाव, नेमक्या कोणत्या भागात काम करणार आणि कोणती साधनं आणणार हे सगळं लिहा. 'इमारतीचा अभ्यास करायचा आहे' एवढ्यावर गेलात तर फाटकावरचा माणूस तुम्हाला थांबवणार, आणि त्यात त्याची चूक नाही.

तीन जणांची तुकडी पुरते. एकाने टेप धरायचा, दुसऱ्याने वाचायचं, तिसऱ्याने लिहायचं. लिहिणाऱ्याने प्रत्येक आकडा मोठ्याने परत म्हणायचा. हे बालिश वाटतं, पण 'सत्त्याण्णव' आणि 'सत्त्याऐंशी' यांचा घोळ याच सवयीने टळतो.

पिशवीत एवढं असू द्या: ३० मीटरचा टेप, ५ मीटरचा पोलादी टेप, लेझर मीटर, ओळंबा, पाणसळ, गुण्या, १० ते १५ मीटर पारदर्शक नळी, कोन मोजायचं साधन (फोनवरचं ॲप चालेल, पण फोन तिकाटण्यावर हवा), पांढरं जाड पुठ्ठं, दुर्बीण आणि भरपूर कोरे कागद. नक्षीच्या कडांचा आकार घ्यायला सुतार वापरतात तो सुयांचा कंगवा मिळाला तर उत्तम.

सावधान: दगडावर खडू, पेन्सिल, मार्कर, चिकटपट्टी यांतलं काहीही लावायचं नाही. कोरीवकामाचा पोरबंदरी चुनखडी दगड मऊ आणि सच्छिद्र असतो. चिकटपट्टी काढताना पृष्ठभागाचे कण सोबत निघून येतात. खूण हवीच असेल तर ती जमिनीवर, कागद ठेवून.

घरूनच एक तक्ता करून न्या. आडव्या दिशेने प्रत्येक गाळ्याला, म्हणजे दोन खांबांमधल्या भागाला, अक्षर (क, ख, ग…) आणि उभ्या दिशेने प्रत्येक पातळीला आकडा. मग 'ग-२' म्हटलं की तिघांच्याही डोळ्यांसमोर एकच खिडकी येते. 'ती डावीकडून तिसरी, वरची' ही भाषा दुपारपर्यंत टिकत नाही.

टप्पा २: टेप न काढता एक पूर्ण फेरी

पहिला दीड तास टेप पिशवीतच राहू द्या. इमारतीभोवती फिरा आणि फक्त मोजा, म्हणजे गिनती करा. गाळे किती, मजले किती, भिंतीला आडवे फिरणारे दगडी पट्टे किती उंचीवर, टेकूभिंती (भिंतीला बाहेरून टेकू देणारे जाड दगडी भाग) कुठे सुरू होऊन कुठे संपतात, पन्हळी कुठून उतरतात.

गॉथिक इमारतीत हे आडवे पट्टे तुमचे खरे मित्र. डोळा वर जाणाऱ्या टोकदार रेषांकडे ओढला जातो, पण इमारतीचा हिशोब आडव्या रेषांत मांडलेला असतो: जोत्याचा माथा, खिडकीच्या तळाचा पट्टा, खांबांचे माथे, कमानी जिथून फुटतात ती रेघ, छताखालची कड. या पाच-सहा रेघा एका कागदावर ओढा आणि प्रत्येकीला नाव द्या. सांगाडा एवढाच असतो, बाकी सगळं त्याच्यावर टांगलेलं.

राजाबाई टॉवरचं हेच बघा. खालचा भाग चौकोनी, तळाशी पूर्वी घोडागाड्या थांबायच्या तो पोर्च. वर जाताना चौकोनाचा अष्टकोन होतो. हा बदल कोणत्या पातळीवर होतो आणि कोपऱ्यातला उरलेला त्रिकोण कशाने भरला आहे, हे दुर्बिणीतून बघून आधी लिहून घ्या. हे न बघता टॉवर काढणारा विद्यार्थी मनोरा एकाच जाडीचा सरळसोट नेतो, आणि मग घड्याळाची तबकडी कुठे बसवायची हे त्याला कळेनासं होतं.

तपासा: फेरी संपल्यावर इमारतीकडे पाठ करून बसा आणि समोरच्या बाजूचा कच्चा आराखडा आठवणीतून काढा. जिथे हात अडतो तिथे बघायचं राहिलेलं आहे. पुन्हा उठा.

टप्पा ३: एकच समतल रेघ

सगळ्यात जास्त वेळा गाळला जाणारा टप्पा हाच. उंची मोजायला माणसं टेप जमिनीवर टेकवतात. आता ही जमीन कुठली? व्हरांड्याची फरशी पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून मुद्दाम उताराची केलेली असते. बाहेरचा रस्ता तर गेल्या दीडशे वर्षांत कितीदा वर आला असेल. जमिनीपासून घेतलेली प्रत्येक उंची वेगळ्या शून्यापासून घेतलेली असते.

म्हणून पारदर्शक नळीत पाणी भरा आणि एका खांबाशी फरशीपासून साधारण एक मीटरवर पाण्याची पातळी आणा. ती उंची दगडाच्या एखाद्या सांध्याशी जोडून लिहा, उदाहरणार्थ 'जोत्यापासून तिसऱ्या थराच्या सांध्याच्या ४ सेंमी वर'. मग नळीचं दुसरं टोक एकेका खांबाकडे नेत तीच पातळी सगळीकडे नोंदवत जा. पुढची प्रत्येक उभी मापणी याच रेघेपासून, वर अधिक, खाली उणे.

सावधान: नळीत बुडबुडा राहिला की पातळी खोटी येते. सुरुवातीला दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका उंचीवर दिसतं का पाहा. नळी उन्हात पडली असेल तर पुन्हा पाहा.

सगळी फेरी करून पहिल्या खांबाशी परत आलात की पातळी पहिल्या खुणेवर बसायला हवी. पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर फेरी परत करा. कंटाळवाणं आहे, पण नंतरच्या तीन दिवसांची कटकट वाचते.

टप्पा ४: प्लॅन, म्हणजे टेप न उचलता

माझ्या पहिल्या मोजणीत मी खांबाखांबामधलं अंतर सुटं सुटं घेतलं होतं. अठरा आकडे. घरी बेरीज केली तर भिंत प्रत्यक्षापेक्षा अकरा सेंटिमीटर लांब निघाली. एकही आकडा चुकीचा नव्हता. प्रत्येकात पाच-सहा मिलिमीटरची पुढेमागे होती आणि ती सगळी एकाच दिशेला साचली होती.

उपाय सोपा आहे. टेपचं शून्य भिंतीच्या एका टोकाला पक्कं धरा, टेप शेवटपर्यंत ताणा आणि प्रत्येक खांबाची डावी कड, उजवी कड, टेकूभिंतीचा कोपरा असे आकडे एकाच शून्यापासून ओळीने वाचत जा. याला धावती मापं म्हणतात. असं केलं की एका आकड्यातली चूक त्या आकड्यापुरतीच राहते.

खोलीच्या चार भिंती मोजून चौकोन होत नाही. दोन्ही कर्ण घ्या. कर्ण सारखे नसतील तर खोली कललेली आहे, आणि ती तशीच काढायची आहे.

सभागृहाबद्दल एक सूचना. जुन्या प्रवासी मार्गदर्शिकांत ते १०४ फूट लांब आणि ४४ फूट रुंद दिलेलं आढळतं, म्हणजे ३१.७० बाय १३.४१ मीटर. हे आकडे पडताळणीला ठेवा, ड्रॉइंगमध्ये उतरवू नका. टोकाचा वळलेला भाग त्यात धरलाय का, माप भिंतीच्या आतून आहे का, हे त्या आकड्यांवरून कळत नाही. एक मात्र नक्की: इमारत फूट-इंचांत आखलेली आहे. तुमची मीटरमधली मापं फुटांत करून बघा. गाळ्यांची मापं फुटाच्या किंवा अर्ध्या फुटाच्या पूर्णांकाजवळ येत राहिली तर तुम्ही बरोबर कडा पकडल्या आहेत.

वळलेला भाग डोळ्याने 'अर्धगोल' ठरवू नका. दोन मीटर लांबीची सरळ पट्टी आतल्या वळणावर आडवी टेकवा आणि पट्टीच्या मध्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर घ्या. तीन-चार ठिकाणी तेच अंतर आलं तर वळण वर्तुळाचं. मध्येच शून्य आलं तर तिथे सपाट बाजू आहे, म्हणजे आकार बहुकोनी.

टप्पा ५: कमान

इथे घाई करू नका. गॉथिक ड्रॉइंग सुधारतं किंवा बिघडतं ते इथेच.

टोकदार कमान म्हणजे दोन वर्तुळखंड माथ्याशी भेटलेले. दोघांचे मध्यबिंदू एकाच आडव्या रेघेवर असतात, जिथून कमान वळायला लागते त्या रेघेवर. तिला आपण 'उगम-रेघ' म्हणू. तीन मापं हवीत: गाळा (दोन कडांमधलं आतलं अंतर), उगम-रेघेपासून माथ्यापर्यंतची उंची, आणि उगम-रेघ नेमकी कुठे आहे ते. पहिली दोन सगळे घेतात. तिसरं गृहीत धरतात, आणि तिथेच घसरतात.

गृहीत काय धरतात? तर कमान खांबाच्या माथ्यावरून सुरू होते असं. पुष्कळदा ती तिथून सुरू होत नाही. माथ्यावर आधी काही सेंटिमीटर दगड सरळ उभा जातो आणि मग वळतो. हे ओळखायला ओळंबा घ्या, कमानीच्या आतल्या कडेला लागून सोडा आणि दगड दोरीपासून कुठे सुटतो ते पाहा. सुटतो तिथे उगम-रेघ.

आता त्रिज्या. सूत्र एकच:

त्रिज्या = (अर्ध्या गाळ्याचा वर्ग + उंचीचा वर्ग) ÷ पूर्ण गाळा

समजा गाळा १.८० मीटर, उंची १.५६ मीटर. अर्ध्या गाळ्याचा वर्ग ०.८१, उंचीचा वर्ग २.४३, बेरीज ३.२४, भागिले १.८०, म्हणजे त्रिज्या १.८० मीटर. त्रिज्या आणि गाळा सारखे, म्हणून ही समभुज कमान. कंपासचं टोक एका उगमबिंदूवर ठेवून दुसऱ्या बाजूचा खंड काढायचा, मग टोक दुसऱ्यावर. त्रिज्या गाळ्यापेक्षा मोठी असेल तर कमान सुळकेदार, लहान असेल तर बसकी. तीन प्रकार लक्षात ठेवले की बहुतेक टोकदार कमानी उलगडतात.

याच कमानीची उगम-रेघ तुम्ही पंधरा सेंटिमीटर खाली धरलीत तर उंची १.७१ होते आणि त्रिज्या २.०७ मीटर येते. समभुज कमान कागदावर सुळकेदार झाली! टोकं जुळतात, माथा जुळतो, म्हणून चूक दिसत नाही. फक्त पोट आत गेलेलं असतं आणि ड्रॉइंग 'कुठेतरी चुकतंय' असं वाटत राहतं.

तपासा: खऱ्या उगम-रेघेपासून निम्म्या उंचीवर (इथे ७८ सेंमी) कमानीची रुंदी प्रत्यक्ष मोजा. वरच्या उदाहरणात ती १.४४ मीटर भरायला हवी. चुकीच्या त्रिज्येने काढलेल्या कमानीत त्याच जागी १.३६ येते. आठ सेंटिमीटरचा फरक टेपला लपत नाही.

आणखी दोन गोष्टी. टोकदार कमानीच्या माथ्याशी बहुधा एकसंध चावी-दगड नसून दोन बाजूंच्या दगडांचा उभा सांधा असतो. सवयीने तिथे पाचर काढणारे खूप भेटतात. आधी बघा, मग काढा. दुसरी, कमानीचे सांधे वर्तुळाच्या मध्यबिंदूकडे जातात, गाळ्याच्या मध्याकडे नव्हे. डाव्या खंडाचा मध्यबिंदू समभुज कमानीत उजव्या उगमबिंदूवर असतो, म्हणून सांध्यांचा कल गोल कमानीपेक्षा वेगळा दिसतो. एवढं एक जमलं तरी ड्रॉइंग लगेच खरं वाटू लागतं.

मोठ्या कमानीच्या आत लहान जोडकमानी आणि वर तिपाकळी किंवा चौपाकळी भोक असेल तर बाहेरून आत या: आधी मोठी कमान, मग मधला खांब, मग लहान कमानी, शेवटी पाकळ्या. आतून बाहेर गेलात तर शेवटची पाकळी कमानीत मावत नाही.

टप्पा ६: हात पोचत नाही तिथली उंची

जिथे लेझर पोचतो तिथे लेझर. पण दुपारच्या उन्हात त्याचा तांबडा ठिपका दिसत नाही. भिंतीशी पांढरं पुठ्ठं धरायला कुणी जाऊ शकत असेल तर ठीक, नाहीतर सकाळी लवकर किंवा संध्याकाळी या. रंगीत काचेवर लेझर मारू नका. तो काचेतून आरपार जातो आणि भलताच आकडा दाखवतो. ठिपका चौकटीच्या दगडावर धरा. रस्त्याकडे तोंड करून लेझर वापरायचा नाही, समोरून गाड्या येत असतात.

टॉवरसाठी कोन. राजाबाई टॉवरची उंची सुमारे ८५ मीटर, म्हणजे २८० फूट, सांगितली जाते. ओव्हलवर उभं राहून तुमचं उत्तर त्याच्या आसपास येतं का बघणं हा चांगला सराव आहे. अंतर गुणिले कोनाचा टॅन, अधिक साधनाची उंची. इथवर शाळेतलंच गणित.

चूक होते ती अंतरात. तुम्ही टॉवरच्या समोरच्या भिंतीपर्यंतचं अंतर घेता, पण कळस त्या भिंतीवर नाही, टॉवरच्या मध्यावर आहे. समजा भिंत १०० मीटरवर आणि मध्य आणखी चार मीटर आत, साधन दीड मीटर उंचीवर. कळसाचा कोन साधारण ३८.८ अंश दिसेल. १०४ मीटर धरले तर उंची ८५ येते, १०० धरले तर ८२ च्या आत. घड्याळाची तबकडी मोजताना आत सरकण्याचं अंतर वेगळं असतं, कारण ती कळसाइतकी आत नाही. प्रत्येक बिंदूसाठी 'हा प्लॅनवर कुठे आहे?' हे आधी विचारा.

कोनात एक अंश चुकलात तर या अंतरावरून उंची सुमारे तीन मीटरने चुकते. म्हणून फोन हातात धरून घेतलेल्या कोनाला अर्थ नाही. तिकाटणं लावा, तीन वेगवेगळ्या जागांवरून वाचा, आणि तिन्ही उत्तरं लिहून ठेवा. सरासरी नंतर.

ड्रोनचा विचार मनात आला असेल तर पोलिसांच्या परवानगीशिवाय तो पिशवीतूनही काढू नका.

टप्पा ७: गोल खिडकी आणि गोल जिना

सभागृहाच्या मोठ्या गोल खिडकीतल्या रंगीत काचांत बारा राशी आहेत. त्यावरून दगडी आऱ्यांची संख्याही बाराच असणार, असं मानून वर्तुळाचे बारा भाग पाडू नका. आऱ्या मोजा, त्याही दोघांनी वेगवेगळ्या, आणि मगच ३६० ला त्या संख्येने भागा. पहिली आरी बरोबर वर आहे की दोन आऱ्यांमधली जागा वर आहे, हेही नोंदवा. एवढी एक नोंद राहिली की पूर्ण खिडकी अर्ध्या घराने फिरते. काच दगडाच्या किती आत बसली आहे ते बाजूने मोजा, नाहीतर छेद (भिंत उभी कापल्यासारखं ड्रॉइंग) काढताना अडाल.

बाहेरून दिसणारे उघडे गोल जिने हे या इमारतींचं वैशिष्ट्य, आणि विद्यार्थ्यांचा घाम काढणारा भाग. एका पायरीची उंची मोजून पायऱ्यांच्या संख्येने गुणू नका. अर्ध्या सेंटिमीटरची चूक चाळीस पायऱ्यांत वीस सेंटिमीटर होते, शिवाय दगडी पायऱ्या मधोमध झिजलेल्या असतात. खालच्या आणि वरच्या मजल्याची उंची तुमच्या समतल रेघेवरून काढा आणि पायऱ्यांच्या संख्येने भागा. मग मधल्या खांबाचा आणि बाहेरच्या कठड्याचा घेर घ्या. जिना आधी उलगडून काढा, गुंडाळलेला कागद सपाट करावा तसा. उलगडलेल्या जिन्यात कठडा एक सरळ तिरपी रेघ होतो आणि त्याच्या कमानी तिच्यावर पायरी-पायरीने चढत जातात. तिथून पुन्हा गुंडाळणं सोपं.

टप्पा ८: आता कोरीवकाम

आता कुठे पानाफुलांची पाळी आली. आराखडे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने लंडनमध्ये केले आणि तो मुंबईत कधी आलाच नाही. प्रत्यक्ष घडण इथल्या हातांची. म्हणून युरोपातल्या पुस्तकातला खांबाचा माथा उचलून इथे चिकटवणं ही सरळ चूक. त्याहून मोठी चूक म्हणजे एक माथा काढून तो संगणकावर सगळ्या खांबांवर ठेवत जाणं. प्रत्येक माथ्याचा स्वतंत्र फोटो काढा, 'ग-१ डावा' अशी खूण लिहा, आणि ज्याचं तपशीलवार ड्रॉइंग केलं नाही त्याची नुसती बाह्यरेघ द्या. खोटा तपशील देण्यापेक्षा ते बरं.

टॉवरवर पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या समाजांच्या वेशातल्या २४ मूर्ती आहेत. त्या रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी घडवल्या असं नोंदलेलं आहे. वरच्या मूर्ती जमिनीवरून काढताना खालून वर बघितल्यामुळे आखूड दिसतात, म्हणजे पाय मोठे आणि डोकं लहान. कोनाड्याची उंची आधी टप्पा ६ प्रमाणे काढा आणि मूर्ती त्यात बसवा. पागोटं, उपरणं, अंगरख्याची घडी ही दुर्बिणीतूनच बघा. झूम करून ताणलेल्या फोटोत पागोट्याचा दगडगोटा होतो.

फोटोची वेळ महत्त्वाची. दर्शनी बाजू पश्चिमेला, ओव्हलकडे. सकाळी ती पूर्ण सावलीत असते. कमानी, सांधे आणि प्रमाण टिपायला हा सपाट उजेड चांगला. कोरीवकामाची खोली हवी असेल तर दुपारी एकच्या सुमाराला थांबा. ऊन तेव्हा नुकतंच भिंतीला घासून उतरू लागतं आणि प्रत्येक पान सावली टाकतं. चार वाजता ऊन समोरून येतं आणि सगळं पुन्हा सपाट.

टप्पा ९: दगड आणि दुखणी

ड्रॉइंगची एक प्रत फक्त यासाठी ठेवा. भिंतीचा पिवळसर-बदामी दगड, कोरीवकामाचा फिकट पोरबंदरी चुनखडी आणि जिथे असेल तिथे काळानिळा बसाल्ट, प्रत्येकाला वेगळी रेघोटी द्या. नुसत्या रंगावरून ठरवू नका. पावसाच्या पाण्याने काळवंडलेला चुनखडी लांबून बसाल्टसारखा दिसतो. जवळून दाणा बघा. पावसाळ्यात आणि त्यानंतर लगेच शेवाळ असतं, म्हणून ही नोंद डिसेंबर-जानेवारीत करा.

नोंदवायचं ते एवढं: लोणा कुठे फुटलाय, पिंपळाचं रोप कोणत्या सांध्यात आहे, पन्हळीखाली ओघळ कुठवर आलाय, गंजलेल्या लोखंडाभोवती दगड कुठे फुगलाय, तडा सांध्यातून जातो की दगडातून. हा शेवटचा फरक फार कामाचा असतो. चुन्याचे सांधे थोडं हलणं पोटात घेतात. नंतर कुणी सिमेंट भरलं असेल तर तो सांधा दगडापेक्षा कडक होतो, ओल बाहेर पडायची ती दगडातून पडू लागते, आणि काही वर्षांत सांधा शाबूत राहून भोवतीच्या दगडाच्या कडा झडतात. करडी, गुळगुळीत, बाहेर उचललेली सांध्याची रेघ दिसली आणि तिच्या दोन्ही बाजूंना दगड खोल गेलेला असेल, तर तिथे खूण करा.

सावधान: नखाने किंवा किल्लीने खरवडून 'चुना की सिमेंट' बघायचं नाही. ही पहिल्या श्रेणीतली वारसा-इमारत आहे, आणि २०१८ पासून जागतिक वारसा यादीतल्या मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको समूहाचा भाग आहे. तुमचं काम बघून लिहिण्याचं. दुरुस्ती सुचवायची असेल तर ती वेगळ्या कागदावर, आणि तीही आधी त्यातल्या जाणकाराला दाखवून.

टप्पा १०: त्याच संध्याकाळी

मापं घेतली त्याच रात्री पेन्सिलने प्रमाणात मांडा. आठवड्याने मांडायला बसलात तर स्वतःचंच '७' आणि '१' ओळखू येत नाही. मांडण्याचा क्रमही तोच: समतल रेघ, आडवे पट्टे, खांबांचे मध्य, उगम-रेघा, कमानी. इथवर सगळं जुळेपर्यंत नक्षीला हात लावू नका. जुळत नसेल तर आकडा बदलू नका. त्याच्याभोवती गोल करा आणि उद्या तेवढंच माप घ्यायला परत जा. म्हणूनच परवानगीच्या पत्रात शेवटचा एक दिवस रिकामा मागून ठेवायचा.

जे मोजलं नाही ते तुटक रेघेने काढा आणि शेजारी 'मोजलेलं नाही' असं लिहा. दोन बाजू सारख्या दिसतात म्हणून एक उलटून दुसरीकडे ठेवली असेल तर तेही लिहा. शीटवर तारीख, उत्तर दिशा, समतल रेघेची जागा आणि तुकडीतल्या तिघांची नावं हवीत. मैदानात भरलेले कागद फेअर करून फेकू नका. चहाचे डाग असले तरी तेच मूळ आहेत, आणि पुढे कुणी एखादं माप विचारलं तर उत्तर त्यांतच सापडतं.